उंदीरराजाचं मरण
"अरे, हे उंदीर आहेत की ससे?" सर्वेशने गाणं थांबवलं.

नाताळातला एक जुना परदेशी बॅले त्याने घाटकोपरच्या चाळीत आणून बसवला होता. मुलीला भेट मिळालेला लाकडी शिपाई जिवंत होतो, उंदरांच्या फौजेशी लढतो आणि शेवटी मुलगीच चप्पल फेकून उंदरांच्या राजाला मारते. ती मुलगी होती प्रांजल. तिला तालमीला घेऊन आलेले आजोबा, भिकाजी, मागच्या खुर्चीवरून उठले.

"उंदीर मधून नाय धावत. भिंतीला मिशी लावून धावतो." आणि अडुसष्टाव्या वर्षी ते भिंतीकडेने असे सरकले की पोरं किंचाळली.

"आजोबा, हे कुठे शिकलात?" सर्वेशने विचारलं.

"पालिकेत क्लार्क होते ते," तालीम बघायला आलेली त्यांची सून, प्रांजलची आई नमिता, घाईने म्हणाली.

"क्लार्क नाय. उंदीर मारायचो. तेहतीस वर्सं."

सर्वेशने तिथल्या तिथे त्यांना राजा केलं.

घरी नमिता कुजबुजली, "बाबा, अख्खी चाळ येणार. मी सगळ्यांना क्लार्कच सांगितलंय हो."

"माका लाज नाय, तुका कित्याक?"

हाताचा वास साबणाने जात नसे, म्हणून नोकरीभर ते चमच्याने जेवले होते. तेव्हाही कुणापुढे त्यांनी हात लपवला नव्हता.

शेवटच्या तालमीत सर्वेश म्हणाला, "चप्पल लागली की उताणे पडा. चारही पाय वर! पब्लिक हसायला पाहिजे ना."

"नाय पडणार."

"अहो, कॉमेडी आहे ती!"

"हजारोंनी मारलेत मी. एकपण हसवून मेला नाय. हवं तर काढ मला."

सर्वेशने काढलं नाही.

प्रयोगात प्रांजलची चप्पल लागली. राजा पळाला नाही. पुढचे पंजे उचलून ताठ उभा राहिला, तिच्याकडे बघत. मग सावकाश कुशीवर गेला, शेपटी जवळ ओढून घेतली. कुणी हसलं नाही. प्रांजल विजयाची गिरकी विसरून तशीच उभी.

"कोण गं तो?" शेजारच्या वनमालाताईंनी हळूच विचारलं.

"सासरे माझे," नमिता म्हणाली. "पालिकेत उंदीर मारायचे."

पडदा अर्ध्यावर अडकला होता. पोरं विंगेतून 'उठा, उठा' म्हणून खुणावत होती. पडदा पुरता पडेपर्यंत भिकाजी हलले नाहीत.