हिरव्या साच्याचं पालथं जग

मी जगाच्या नकाशाचा एक जुना साचा आहे. हिरव्या प्लास्टिकचा, वीतभर लांब. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर ज्यांना जवळचा समुद्र कोणत्या बाजूला आहे हे सांगण्याआधी छताकडे बघावं लागतं, त्यांच्याशी मैत्री करायला मी काही रिकामटेकडा नाही.

कारखान्यात एका दणक्यात आम्ही बारा जण कापले गेलो. खंडांच्या जागी भोकं, समुद्राच्या जागी प्लास्टिक. भोकाच्या कडेने पेन्सिल फिरवली की झालं जग तयार. छोटी बेटं कापताना पातं झिजतं म्हणून मालकाने ती गाळून टाकली. “कोण मोजायला बसलंय?” म्हणाला. माणसांबद्दलचं माझं मत त्या दिवशीच बनलं.

मी एका मुलाच्या दप्तरात गेलो. तो मला जपायचा, हे कबूल. जीभ बाहेर काढून सावकाश आफ्रिका गिरवायचा. मास्तर म्हणायचे, “रेघ सुरेख, नावं मात्र सगळी भलतीकडे.” रेघ माझी होती, नावं त्याची. पुढे घरच्या अडचणींमुळे त्याची शाळा सुटली आणि तो पार्सल ऑफिसात लागला. मग मी त्याच्या बहिणीच्या हाती पडलो. ती उकाड्यात मला पंख्यासारखं हलवून वारा घ्यायची. अहो, सहा खंडांची भोकं माझ्या अंगाला! त्यातून वारा निसटून जातो, हे त्या बाईला तीन उन्हाळे कळलं नाही. शेवटी तिने मला खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत कोंबलं. तिथे माझ्यावरची छापील अक्षरं झिजून गेली. कोपऱ्यात ‘उत्तर’ लिहिलं होतं, तेही गेलं.

एका सुट्टीत त्या मुलाने मला फटीतून ओढून काढलं. आता तो टक्कल पडलेला बाप झाला होता. त्याच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. तिला वरच्या शाळेतल्या प्रगत भूगोलाच्या वर्गात जायचं होतं. जागा वीस, आणि शाळा उघडताच परीक्षा: कोऱ्या कागदावर जग काढायचं, त्यात चाळीस नावं अचूक जागी भरायची. साचा वापरायला परवानगी. भिंगरीला मोठेपणी समुद्राचे नकाशे करायचे होते. आणि समुद्र किती, असं विचारलं तर ती म्हणाली, “पुष्कळ.” मला हसू आवरेना.

“घाबरू नकोस,” बाबा म्हणाले. “तेवीस वर्षं मी जगभरची पार्सलं लावतोय. माझ्याइतकी नावं तुझ्या बाईंनाही येत नसतील.”

नावं त्यांना येत होती, खोटं कशाला बोलू? पण गावं कुठे आहेत, हे त्यांना फक्त खणांवरून माहीत. त्यांच्या ऑफिसातल्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते. पूर्वेकडची पार्सलं डाव्या हाताच्या खणांत, पश्चिमेकडची उजव्या. त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, पालथं केलं आणि खूश झाले.

“हां! आता बरोबर बसलं. जपान डावीकडे, ब्राझील उजवीकडे. अगदी आमच्या खणांसारखं.”

मित्रांनो, मी पालथा पडलो होतो. जग आरशात पाहिल्यासारखं उलटं झालं होतं आणि हा गृहस्थ माझ्याकडे कौतुकाने बघत होता!

भिंगरीने पुस्तक उघडलं. ते आधी कुणीतरी वापरलेलं होतं, नकाशांची पानं फाडून नेलेली. पण मजकूर शाबूत होता. “बाबा, नकाशात पूर्व उजवीकडे असते असं लिहिलंय.”

“पुस्तकाने कधी पार्सल पाठवलंय का?” बाबा म्हणाले. “माझं एक तरी पार्सल चुकीच्या खणात गेलंय? पूर्व डावीकडे धर आणि पुढे चल.”

आणि तिने धरली! काय म्हणावं या पोरीला? पुस्तकात पूर्व लिहिलं असलं की ती मनातल्या मनात डावीकडे वळायची. सुट्टीभर रोज सकाळी बाबा कामावर जायच्या आधी दोघं बसायची. बाबा डबा भरता भरता नाव पुकारायचे, ती बोट ठेवायची. चुकली की ते म्हणायचे, “अगं, त्याचा खण खालून दुसरा!” सुट्टी संपेपर्यंत तिला समुद्र, सामुद्रधुन्या, वाळवंटं, राजधान्या, सगळं तोंडपाठ झालं. सगळं पाठ आणि सगळं उलटं. असा अस्सल गाढवपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी गालातल्या गालात हसत होतो.

परीक्षेच्या दिवशी तिने मला कागदावर ठेवलं, अर्थात पालथंच, आणि सुरेख रेघ काढली. बाकीची मुलं नखं खात होती. हिची चाळीस नावं अर्ध्या वेळात भरून झाली. भूगोलाच्या बाई बाकांमधून फिरत आल्या, थबकल्या, आणि त्यांना हसूच फुटलं. वर्गाने माना वळवल्या. भिंगरी लाल झाली. मी म्हटलं, आता कळेल.

बाईंनी कागद उचलला, काय वाटलं कोण जाणे, पालथा करून खिडकीच्या उजेडात धरला. मागून पाहत त्या एकेक नाव वाचत गेल्या. त्यांचं हसू मावळलं.

“चाळीसच्या चाळीस बरोबर,” त्या हळूच म्हणाल्या. “फक्त जग उलटं. पूर्व डावीकडे असते असं कुणी शिकवलं तुला?”

 भिंगरीला सगळं त्याच क्षणी कळलं होतं. “कुणी नाही. माझ्याकडून साचा पालथा पडला.”

“साचा एखादे वेळी पालथा पडतो गं. चाळीस नावं एकाच वेळी पालथी पडत नाहीत.” बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण जास्त खोदून विचारलं नाही. “नियमाने याला शून्य. पण मेहनत दिसतेय. शुक्रवारी परत ये आणि जग सुलटं करून दाखव. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला जाईल.”

घराच्या दारात बाबा उभे. हातात डबा तसाच. “काय गं? पेपर कसा गेला?”

मी कान टवकारले. आता पोरगी या माणसाची चांगली हजेरी घेणार, अशी माझी खात्री होती. खरं सांगतो, मला ती ऐकायची होती.

“चाळीसपैकी चाळीस म्हणाल्या बाई,” भिंगरी म्हणाली. “पण शुक्रवारी दुसऱ्या बाजूनेही करून दाखवायचंय.”

“दुसऱ्या बाजूने? बघ, म्हणजे निम्मं काम आपलं आधीच झालंय!” बाबांनी खुशीत मला सुलटं केलं. चार दिवस ती रडकुंडीला येऊन डावं-उजवं बदलत बसली. हात सारखा जुन्या जागी जायचा. बाबा नावं पुकारायचे, पण रोज थोडे हळू.

गुरुवारी ते कामावरून आले आणि बूट न काढताच टेबलाशी बसले.

“आज मी खणांकडे पाठ करून उभा राहिलो,” ते म्हणाले. “उत्तरेकडे तोंड केलं. तुझ्या पुस्तकातलं सगळं बरोबर लागलं. तेवीस वर्षं मी दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून उभा आहे, भिंगरे.”

तिने पेन्सिल खाली ठेवली.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही डबा भरता भरता शिकवत होता, बाबा,” ती म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पहिलं नाव पुकारलं.

शुक्रवारी तिला चाळीसपैकी अडतीस मिळाले. विसावी जागा तिची झाली. एकोणीस मुलं तिच्या वर होती, आणि त्यांतल्या एकालाही दोन्ही बाजूंचं जग येत नव्हतं.

मित्रांनो, माझा स्वभाव काही बदललेला नाही. त्या बापाला मी अजूनही अडाणी म्हणतो. पण एक विनंती ऐका. आमच्यासारख्या साच्यांवरची अक्षरं पुसली गेली तर ती पुन्हा लिहा, आम्हाला फटीत कोंबू नका. आणि कुणी पूर्व डावीकडे धरून बसलेला दिसला तर खुशाल हसा, पण हसून झालं की त्याला सांगा. मी सुट्टीभर नुसता हसलो. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.