महालिंगप्पांचा कापूस

आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मलहरींचं एक यंत्र तयार होत होतं. आकार लोखंडी ट्रंकेएवढा, पण क्षणभरात प्रचंड ताकदीच्या लहरी सोडणारं. त्याच्या पोटात तांब्याचं एक नळकांडं असतं. त्यात कुसळाएवढा खडबडीतपणा राहिला तरी ठिणगी पडते आणि सगळी मेहनत पाण्यात.

पुण्यात केलेली तीन नळकांडी जळाली. मी मूळचा उमरग्याचा. तिकडच्या साखर कारखान्यातल्या महालिंगप्पा मिस्त्रींचा हात मला ठाऊक होता, म्हणून तिकडं गेलो. सत्याऐंशी सालचा दुष्काळ, ऊस नाही, कारखाना बंद. धातू कातायचा लेथ मोकळा मिळाला, आणि चाचणीला साखरेचं रिकामं गोदामही.

मिस्त्रींनी नळकांडं कातलं आणि तपासायला आत अंगठा घालू लागले. मी खेकसलो, "हात लावू नका! आतली सगळी हवा काढायची असते. बोटाचं तेल राहिलं तर नासेल."

त्यांचा चेहरा उतरला. मायक्रोमीटर माझ्यापुढं धरून म्हणाले, "साहेब, जरा आकडा वाचता का?" मी वाचला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र मी भडकलो. "मिस्त्री, चेष्टा लावलीय का?"

"न्हाय साहेब. दोन वर्सं झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. अंगठ्यानं भागवतो. आप्रेशनला गेलो तर बोभाटा हुईल अन् लेथ जाईल. कुणाला सांगू नका."

मला स्वतःचीच लाज वाटली. अंगठा बंद करून मी त्यांचे डोळेच काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी ते घरून कापूस घेऊन आले. बायको देवाच्या वाती वळायची, त्यातलाच. चिमट्यात पुंजका धरून त्यांनी नळकांड्यात हलकेच फिरवला. डोळे मिटलेले. "हितं ओढ लागली." मी भिंगातून पाहिलं तेव्हा जागा निर्दोष दिसली होती, आता तिथं एक पांढरा तंतू अडकला होता. सात वेळा घासलं, सात वेळा कापूस फिरवला. आठव्यांदा एकही तंतू अडकला नाही. काय माणूस! माझ्या घरी इंजिनिअरिंगची दोन पदकं आहेत, त्यांचं काय करावं ते मला कळेना.

पुण्याहून आणलेल्या यंत्रात नळकांडं बसवलं, हवा काढली आणि चाचणीला भर दुपारी गोदामाची दारं लावली; छताच्या फटींतून ऊन मात्र येतच होतं. पलीकडच्या टोकाला वीस ट्यूबलाइट, एकीलाही तार नाही; लहरी पोचल्या तरच पेटणार. आम्ही सगळे, कारखान्याची जमलेली माणसंही, लहरी अडवणाऱ्या जाळीआड. मी बटण दाबलं. ठिणगी पडली नाही. विसाच्या वीस ट्यूब क्षणभर लखलखल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ट्यूबांकडंच तोंड करून उभे असलेले महालिंगप्पा म्हणाले, "साहेब, लागल्या का?"

टाळ्या थांबल्या. शेजारीच कारखान्याचे मॅनेजर बब्रुवान उभे होते. मी सारवासारव करणार, तेवढ्यात बब्रुवानच म्हणाले, "लागल्या की मिस्त्री. सगळ्या."

मग माझ्याकडं वळून हळूच, "त्यांच्या डोळ्यांचं सगळ्या कारखान्याला ठाऊक हाय. गाळप चालू असलं की कुणीतरी सहज आल्यावानी लेथजवळ थांबतं, आकडा वाचायला. पाळ्या लावल्यात आमी."

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"ते बोलले न्हाईत म्हणून."

मिस्त्रींचे कान शाबूत होते. ते चाचपडत आले आणि त्यांनी बब्रुवानांचा हात धरला.

"मग आप्रेशनला जाऊ म्हणता?"

"जावा की. तुमी येईस्तोवर लेथला कुणी हात लावणार न्हाय."