रजईखालचा अँप्लिफायर

मी अँप्लिफायर बोलतोय. गिटारची तार छेडली की दणदणीत आवाज येतो ना, तो माझ्या पोटातून. आज बऱ्याच दिवसांनी मोकळ्या तोंडानं बोलतोय, तेव्हा थोडं कडू निघेल. किळस आली होती हो मला! घराची नाही, घरधन्याची.

एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर माझा जन्म झाला. आतले काचेचे व्हॉल्व्ह त्यानं स्वतः बसवले. माझी मालकीण तेव्हा कॉलेजात होती, बँडमध्ये रिदम गिटार वाजवायची. पुढे येऊन मिरवणारा दुसराच. ही मागे उभी राहून अख्खं गाणं पेलायची. प्रेक्षकांतला एक पोरगा त्या आवाजावर भाळला. लग्न झालं. तेच आताचे साहेब.

पुढे नोकरी, मुलगी, सासऱ्यांचं आजारपण. गिटार कपाटावर गेली आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले. त्याचं वाईट वाटलं, पण किळस नाही आली. ती आली साहेबांना छंद लागल्यावर. त्यांनी बँडची जुनी कॅसेट काढली आणि जाहीर केलं, "हाच टोन मी घरी काढणार!" टोन कुणाचा? बायकोचा. बायको कुठे? शेजारच्या खोलीत, चादरींच्या घड्या घालतेय. तिला विचारलं का? नाव नको.

विचारलं इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना. मग पेडल आली, म्हणजे पायानं दाबायच्या डब्या. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. आवाजात खरखर आणणारं गेनचं बटण पार शेवटपर्यंत पिळलेलं, आवाजाचं मात्र एकवर, आणि शेजाऱ्यांच्या धाकानं माझ्या तोंडावर रजई. त्यातून निघायचं काय, तर सर्दी झालेल्या म्हाताऱ्याचं खाकरणं. त्यावर हे डोळे मिटून मान डोलवायचे. तेलकट बोटांनी बटणं चिकट केली ती वेगळीच. शी!

एकदा ती दारातून म्हणाली, "अहो, गेन जरा कमी करा ना."

"तुला नाही कळायचं यातलं. व्हॉल्व्हच बदलायला हवेत."

ती चादरींच्या घड्यांकडे परत गेली.

आज साहेबांना बँडच्या ड्रमरचा फोन आला. एका संध्याकाळपुरते सगळे पुन्हा वाजवणार होते, तालीम आजच होती. फोन स्पीकरवर होता. "तिला सांग, रिदमला तीच हवी."

"अरे, तिची सवय गेलीय आता," साहेब म्हणाले. "मी येतो की. टोन जवळजवळ काढलाय मी."

जवळजवळ! ती दारातच उभी होती. आत आली, रजई ओढून फेकली, पेडलच्या वायरी उपटल्या. गेन निम्म्याच्याही खाली आणला, आवाज मोकळा सोडला आणि गिटार गळ्यात घातली.

"अगं, शेजारी!"

तिनं हात मारला. खिडक्या थरारल्या. एकेक तार वेगळी ऐकू येत होती आणि सगळ्या मिळून गुरगुरत होत्या. फोनमधून ड्रमर ओरडला, "हाच! हाच तो!" इतक्या वर्षांनी मला माझाच आवाज भेटला. मी रडलो असतो, पण साहेब पुढे धावले.

"थांब, हात लावू नकोस! बटणांचा फोटो काढतो."

तिनं माझा प्लग काढला. "काढा. आणि त्यावरच वाजवा. अँप मी घेऊन चाललेय."

आता मी गाडीच्या मागच्या सीटवर आहे, तालमीला निघालोय. जाता जाता एकच मागणं: ज्याच्या आवाजावर जीव जडला तो माणूस घरातच असेल, तर आधी त्याला हाक मारा, मला पिळू नका.

साहेब फाटकात उभे आहेत. फोटो छान आलाय म्हणतात.