एका बसच्या तीन वेळा

मी रोशनीची रफ वही बोलतेय. अक्षर वाईट दिसलं तर नावं ठेवू नका. माझ्यावर कोणी नीट लिहीतच नाही. नीट लिहायला फेअर वही असते. तिला खाकी कव्हर, त्यावर नावाची चिठ्ठी, सगळा थाट. माझ्यावर गणितं करून बघतात, पेन चालतं की नाही ते बघतात आणि कंटाळा आला की मॅडमचं चित्र काढतात.

माझा जन्म कारखान्यातला नाही. सहावीची परीक्षा झाल्यावर रोशनीने जुन्या वह्यांतली कोरी पानं सोडवली आणि तिच्या आईने, कोकिळाबाईने, पोती शिवायच्या दाभणाने ती एकत्र शिवली. त्यामुळे माझी काही पानं एकरेघी, काही दुरेघी आणि मध्येच दहा पानं चौकटींची. चौकटींच्या पानांवर निबंध लिहिताना रोशनी वैतागते. मला त्याचं काही वाटत नाही, मिळालं ते अंग आपलं म्हणायचं.

आमचं गाव हिंगणघाटपासून नऊ किलोमीटर आत. शाळा सातवीपर्यंत. आठवीला हिंगणघाटला जावं लागतं आणि जायला बस नाही. पहाटे पाचला एक ऑटो निघतो, त्यात माणसं कमी आणि वांग्याची पोती जास्त. रोशनीचे वडील, दौलतराव, त्याच ऑटोने मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात नेतात. ते मुलीवर जीव टाकणारे, पण शब्दाला पक्के. बस सुरू झाली तर आठवी, नाहीतर घर, असं त्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं. पोत्यांनी खचाखच भरलेल्या ऑटोत ते पोरीला धाडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी रोशनीने माझ्या कोपऱ्यात ‘आठवी’ लिहिलं आणि पुढे एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

बससाठी गावाने मागच्या वर्षी अर्ज केला नव्हता असं नाही. आमच्या गावचे अर्ज पुंडलिकराव लिहितात. ते ग्रामपंचायतीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले, पण लेखणी निवृत्त झाली नाही. ते मारुतीच्या ओट्यावर अर्ज लिहायला बसले की येणारा-जाणारा एकेक वाक्य सांगतो, आणि सांगितलेलं प्रत्येक वाक्य अर्जात जातं. कोणाचं वाक्य गाळणं म्हणजे त्याला पंगतीतून उठवल्यासारखं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून त्या अर्जात भाजीसाठी बस सकाळी सहाला हवी होती, शाळेसाठी साडेनऊला आणि बँकेच्या कामासाठी अकराला. बस मात्र एकच मागितली होती. पहिल्या ओळीत ‘गावात बस येतच नाही’ आणि चौथ्या ओळीत ‘बस नेहमी उशिरा येते’. वर वजन पडावं म्हणून साठ विद्यार्थिनी. गावात घरं नव्वद.

तीन महिन्यांनी आगारातून पत्र आलं. बस नेमकी किती वाजता हवी आणि सध्या ती येते की नाही, हे मजकुरावरून समजत नाही, असं त्यात होतं. साहेब लोकांना मराठी कळत नाही, असं पुंडलिकराव म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

यंदा सुलोचना मॅडमनी तोच अर्ज वर्गात आणला. त्या बोरगाव मेघेहून स्कूटीने येतात आणि आल्याबरोबर कामाला लागतात. त्यांनी बजावलं की यात शुद्धलेखन बघायचं नाही. यातली कोणतीही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात का, एवढंच बघायचं. मग अर्जाचं एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहून मुलांच्या हातात दिलं आणि मुलांना रांगेत उभं केलं. वर्गाने प्रश्न विचारायचे. ज्याला उत्तर देता येणार नाही त्याने वाक्य बदलायचं, नाहीतर खाली बसायचं.

रजतच्या हातात ‘बस येतच नाही’ होतं आणि आकांक्षाच्या हातात ‘बस नेहमी उशिरा येते’. वर्ग आधी हसला. मग आकांक्षाने डोकं खाजवून वाक्य बदललं: पूर्वी बस यायची, तीही उशिरा, आणि मग तीही बंद झाली. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. दोघं आता शेजारी शेजारी उभी राहू शकत होती.

तीन वेळांचं मात्र जड गेलं. तिघांचंही म्हणणं खरं होतं. नयन म्हणाला, तीन बसेस मागू. मॅडमनी विचारलं, प्रत्येक बसमध्ये बसणार कोण? मुलांनी घरं मोजली. भाजीवाले चार, तेही ऑटोने जातातच. बँकेत कोणी रोज जात नाही. मोठे मुलगे सायकलने जातात. रोज बसने जाणार त्या फक्त शाळेच्या मुली. म्हणजे दोन चिठ्ठ्या खाली बसायला हव्या होत्या. सहाची चिठ्ठी रोशनीच्या हातात होती, आणि ते वाक्य मागच्या वर्षी ओट्यावर दौलतरावांनीच सांगितलेलं होतं. ती सगळ्यात शेवटी बसली.

नवा अर्ज लिहायचं काम तिच्याकडेच आलं. तिने तो माझ्यावर चार वेळा लिहिला. साठ मुली खोडल्या, चाळीस केल्या, त्याही खोडल्या. मग ती घरोघरी जाऊन विचारून आली. सातवीत मुली बारा. पण चौथ्या वेळी तिने ‘अकरा’ लिहिलं आणि खाली अकराच नावांची यादी केली. मला वाटलं पोरगी मोजायला चुकली. वरचा आकडा आणि खालची यादी मात्र बरोबर जुळत होती.

संध्याकाळी घरचे सगळे मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. दौलतरावांनी अर्ज वाचायला सांगितला. रोशनीने माझ्यातून वाचला. ते जुडी बांधता बांधता थांबले.

“सहाची बस कुठी गेली?”

“काढली, बाबा. गाडी एकच हाय. सहाले गेली तं साडेनऊले आमच्यासाठी कशी येईन? मागच्या साली तिन्ही वेळा लिहल्या, म्हणून एकही नाई भेटली.”

त्यांना ते आवडलं नाही. स्वतःच्या पोरीनेच आपलं वाक्य काढलं, असं ते कोकिळाबाईला ऐकू जाईल इतपत पुटपुटले. कोकिळाबाईने मान वर न करता आठवण करून दिली की ऑटो काही बंद झालेला नाही. दौलतरावांनी हातातली जुडी बांधून टाकली. मग त्यांनी अर्ज पुन्हा वाचायला लावला, आणि या खेपेला ते नावं बोटांवर मोजत होते.

“पोरी बारा हाय न वर्गात? अकरा काऊन लिहल्या?”

“जे पक्कं नाई ते लिहू नका, असं मॅडमनं सांगतलं. अकरा जणीच्या घरून हो म्हनलं.”

“बस आली तं धाडतो, म्हनलं होतं न मी.”

रोशनीने मला मांडीवर मिटून ठेवलं.

“तुम्ही म्हनता, बस आली तं नाव. अन् साहेब म्हनन, नावं असन तं बस. मंग आधी कोनाचं होईन, बाबा?”

वर्गातल्या रांगेत दौलतरावांना कोणी उभं केलं नव्हतं, पण आत्ता ते तिथेच उभे होते, आणि वाक्य बदलायची पाळी त्यांची होती. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले, मला ओढून घेतलं आणि पेन मागितलं. वर्षानुवर्षं सहीपलीकडे न लिहिलेला हात. एकेक अक्षर दाबून, कागदाला खळगा पडेल इतकं दाबून, त्यांनी यादीच्या खाली लिहिलं: १२. रोशनी दौलतराव निकोडे. वरचे ‘अकरा’ मग तिने खोडले आणि ‘बारा’ केले. तेव्हा ती रडत होती.

अर्ज फेअर होऊन गेला. पुंडलिकरावांनी त्यात दोन ठिकाणी ‘नम्रतापूर्वक’ घातलं, त्याने काही बिघडलं नाही. उत्तर अजून आलेलं नाही. येईल की नाही, ते मला ठाऊक नाही. पण बस नाही आली तर सायकलचं बघू, असं दौलतराव परवा कोकिळाबाईला सांगत होते.

मी आता भरले आहे. रद्दीत जाईन किंवा मेथीच्या जुडीखाली पसरले जाईन. तुम्हाला एवढंच सांगते, मुलांनो: लिहिलेलं एकदा दुसऱ्याला वाचून दाखवा, आणि त्याने प्रश्न विचारला तर रागावू नका. खोडायला लाजू नका. माझी एकशे चार पानं खोडाखोडीने काळी झाली आहेत. शेवटच्या पानावरचं एक वाकडं, मेथीचा हिरवा डाग पडलेलं नाव तेवढं कोणी खोडलेलं नाही.