दोघांवरचं ओझं

मोताळ्याजवळच्या एका खासगी धान्य बाजारात लिलाव संगणकावर चालायचा. त्याचं नेटवर्क दोन स्विचांवर, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्यांवर, होतं. एक राबायचा, दुसरा राखीव असायचा. तंत्रज्ञ अश्वजितनं काम दोघांत वाटून दिलं. वेग वाढला तसे व्यवस्थापक शालिग्रामभाऊ खूश झाले आणि त्यांनी गोदामाचे सारे कॅमेरेही त्यावरच चढवले. तेव्हापासून अश्वजितला चैन पडेना.

"भाऊ, आता एक बंद पडला तं दुसऱ्याले सगळं झेपणार नाही. कॅमेरे काढू द्या."

"चालून राह्यलं ना बे? काऊन उगाच अभद्र बोलून राह्यला?"

रोज हेच उत्तर. शेवटी एकदा सोयाबीनची बोली रंगात आली असताना अश्वजित म्हणाला, "मंग पाहाच." नोकरी जाईल हे ठाऊक असूनही त्यानं एका स्विचची पिन उपटली.

पडद्यावरचे भाव जागीच थांबले. व्यापाऱ्यांनी गलका केला. त्यानं लगेच पिन परत लावली.

शालिग्रामभाऊंनी घाम पुसला. "गधड्या, आधी सांगता नाही आलं?"

"कितीदा सांगितलं, भाऊ!"

भाऊंनी पुन्हा सुरू झालेल्या भावांकडे पाहिलं. "काढ ते कॅमेरे. पण व्यापाऱ्यांच्या शिव्या तूच खाजो."

अश्वजित शिव्या खायला जवळजवळ धावतच गेला.