पाणघोड्याची अंघोळ

ट्रक मी चालवते. आधी माझा मामा चालवायचा. गुडघे गेल्यापासून अम्बोकिले मामाने स्टिअरिंग माझ्या हातात दिलं आणि स्वतः चूल आणि पाने-पकडी सांभाळायला लागला. एरवी आमच्या ट्रकात जंगल बघायला आलेले परदेशी पाहुणे असतात. या ऑक्टोबरात मात्र सेकेला आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई. आमच्या तुकुयू गावातली निम्मी माणसं त्यांच्याच हातात जन्मली, मीसुद्धा.

"तुसा, आपलं जंगल परक्यांनी बघायचं आणि आम्ही त्यांना नुसती केळी विकायची होय?" त्या म्हणाल्या. "आम्ही सहाजणी आहोत. रुआहाचं अभयारण्य दाखव, कटावीचं दाखव. आणि तंबूतच झोपणार, सांगून ठेवते."

तसे आम्ही निघालो. रुआहात तीन दिवस सिंह, हत्ती, कुडू हरणं बघून बायकांचे घसे बसले, इतक्या त्या ओरडल्या. चहाच्या मळ्याची मालकीण एनेसी तर प्रत्येक जिराफाला नाव ठेवायची आणि मागे वळून टाटा करायची. मग रुंग्वाच्या जंगलातून दोन दिवसांचा रस्ता. रक्त पिणाऱ्या म्बुंगो माशा लुगड्यातूनसुद्धा डसत होत्या. बायका फडक्यांनी एकमेकींना बडवत होत्या आणि हसत होत्या. सहाव्या दिवशी सकाळी आम्ही कटावीच्या माळावर उतरलो.

पाऊस अजून आला नव्हता. माळ वाळून पिवळाधमक पडलेला. काळी माती दगडासारखी झालेली, आणि पावसाळ्यात उमटलेले हत्तींच्या पायांचे ठसे तसेच खड्ड्यांसारखे राहिलेले. त्यातल्याच एका खड्ड्यात डावं मागचं चाक गेलं आणि खाडकन आवाज झाला.

"पाटा गेला," मामा म्हणाला. "स्प्रिंगचा मुख्य पाटा. दोन तासांचं काम आहे."

ट्रक डावीकडे कलला होता. त्या बाजूने खाली हातही जात नव्हता. मामाने उजवीकडून खाली शिरून जॅक लावला. सकाळचे दहा वाजले होते आणि ट्रकची सावली त्याच बाजूला पडत होती. बायकांना मी वर हौद्यातच बसवलं. रानम्हशी दूर चरत होत्या, तरी मी छतावर उभी राहून चौफेर नजर ठेवून होते.

म्हणून तो मला आधी दिसला. नदीच्या बाजूने एकटाच पाणघोडा माळावरून चालत येत होता. भर उन्हात! कातडी भेगाळून पांढरट झालेली, मानेवर ताज्या चाव्यांच्या लाल जखमा. डबक्यातल्या उरल्यासुरल्या चिखलातून दुसऱ्यांनी त्याला हाकलून लावलेलं असणार.

"मामा, बाहेर ये! पाणघोडा!"

"किती लांब?"

"शंभर पावलं. नको! थांब! आता येऊ नकोस, हलूच नकोस!"

कारण तो धावायला लागला होता. आमच्यावर नाही, सावलीवर. तो सरळ ट्रकपाशी आला, मागच्या शिडीला घासला आणि धप्पकन सावलीत बसला. ट्रक हलला. मामा आणि त्याच्यामध्ये एक चाक आणि दोन हात जागा.

मी छतावर पालथी पडून खाली डोकावले.

"मामा?"

"जिवंत आहे," खालून पुटपुट आली. "याच्या तोंडाचा वास मात्र मारेल मला."

हॉर्न वाजवावा तर तो बिथरून चाकांखाली घुसायचा. ट्रक सुरू करावा तर जॅकवर टेकलेला, मामाच्या अंगावर यायचा. डावी बाजू बंद, शिडी त्याच्या तोंडाशी. पुढच्या चाकांमधून एकच वाट होती. पण तिथे मातीचा उंचवटा होता आणि मामाचं पोट काही लहान नाही.

"खरवडून वाट करतो," तो म्हणाला. "पाने ठेवायची ताटली आहे माझ्याजवळ. तेवढा वेळ त्याला हलू देऊ नका."

मग सेकेला आजींनी माझ्या घोट्याला चिमटा काढला. "पोरी, सावली बघ."

मी बघितलं. सूर्य चढत होता. सावली ट्रककडे सरकत होती, आणि तिच्यामागोमाग पाणघोडाही. माझ्या देखत तो ढुंगणावर घसटत वीतभर आत आला. बारा वाजता सूर्य अगदी डोक्यावर येणार होता. मग सावली फक्त ट्रकच्या पोटाखाली उरली असती.

"याला सावली नकोय," आजी हळूच म्हणाल्या. "याला पाणी हवंय. कातडं फाटलंय बिचाऱ्याचं. एनेसी, तो कॅन इकडे सरकव."

"प्यायचं पाणी आहे ते, आजी!" मी म्हणाले. "चार कॅन आहेत फक्त. रेंजरांची चौकी अजून चाळीस किलोमीटर लांब आहे."

"तहानेने माणूस दोन तासांत मरत नाही. पाणघोड्याने मरतो."

एनेसीने कॅन पुढे सरकवला.

आजींनी हौद्याच्या कठड्यावरून हात लांब केला आणि पेलाभर पाण्याची बारीक धार त्याच्या पाठीवर सोडली. पाणघोड्याने डोकं झटकलं. तोंड उघडलं. माझ्या दंडाएवढे सुळे! एनेसीने स्वतःच्या तोंडात पदर कोंबला. आजी मात्र ओततच राहिल्या. दुसरा पेला, तिसरा. हळूहळू तो प्रचंड जबडा मिटला, कान गरगर फिरले आणि त्याच्या छातीतून असा काही हुंकार निघाला, की माझ्या पोटाखालचं छत थरथरलं.

"आवडलं रे बाळाला," आजी म्हणाल्या. "मानेवर घाला गं, जखमांवर. हळू. अंगाला जोरात मारू नका."

सहाजणी रांगेत बसल्या. एकीने पेला भरायचा, दुसरीने ओतायचा. खालून ताटलीची खरखर ऐकू आली की वरच्या बायका गुणगुणायच्या, म्हणजे आवाजात आवाज मिसळावा. पाणी त्याच्याभोवती साचलं, चिखल झाला, आणि तो त्यात मजेत लोळला. आत सरकायचा थांबला!

मी छतावरून सरपटत बॉनेटवर उतरले. एक कॅन संपला. दुसरा संपला. उकडलेल्या डाळीचं पाणी, सकाळचा उरलेला चहा, सगळं गेलं. तिसरा संपला तेव्हा बंपरखालून मामाचं मातीने माखलेलं डोकं बाहेर आलं.

"ओढ," तो म्हणाला.

मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं. खांदे आले. पोट अडकलं.

"श्वास सोड, मामा!"

"सगळा सोडलाय! आता जीवच सोडायचा राहिलाय!"

मागे एनेसी कुजबुजली, "तुसा, शेवटचा कॅन. अर्धाच आहे."

मी जोर केला. पोट सुटलं. त्याच क्षणी बायकांनी धार थांबवली असावी, कारण पाणघोडा उठला. वर बघितलं, रुसलेल्या पोराने बघावं तसं, आणि आणखी मागायला ट्रकला धडक दिली. जॅक निसटला. अख्खा ट्रक धाडकन खाली बसला. बॉनेटवर उताणी पडत मी मामाला वर खेचला आणि त्याचे पाय माझ्यामागोमाग आले, एक चप्पल कमी, पण दोन्ही पाय.

त्या आवाजाने पाणघोडा इतका दचकला, की शेपटी गरागरा फिरवत, शेण उडवत नदीकडे पळत सुटला. ते सगळं शेण एनेसीच्या तोंडावर!

मग एनेसी म्हणाली, "एवढी अंघोळ घातली त्याला, आणि हे बक्षीस?"

आम्ही हसलो ते हसतच सुटलो. मामा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होता आणि रडतही होता. सेकेला आजी खाली आल्या, त्याचे पाय चाचपले, बरगड्या दाबल्या.

"तुझ्या जन्माच्या वेळीही तू असाच अडकला होतास," त्या म्हणाल्या. "आईला दोन दिवस दमवलंस."

पाटा बसवायला साडेतीन वाजले. पाणी पेलाभर पेलाभर वाटून घेतलं. ओठ सुकले होते, तरी कुणी कुरकुरलं नाही. ऊन उतरताना नदीकाठच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर डबकं दिसलं: तीनशे तरी पाणघोडे, एकमेकांना चिकटून, चिखलात पाय ठेवायला जागा नाही. कडेला मगरी.

"थांब, थांब!" सहाजणी एकदम ओरडल्या.

मी ट्रक थांबवला. बायका छतावर चढल्या आणि मानेवर जखमा असलेला पाणघोडा शोधू लागल्या. तो नव्हताच बहुतेक. एनेसीला मात्र दर मिनिटाला नवा सापडत होता.

दिवस मावळताना रेंजरांच्या चौकीवर पोचलो. तिथल्या रेंजरने पाण्याचं पिंप उघडून दिलं, आमचं सगळं ऐकलं आणि मान हलवली. "बरं झालं वाचलात. बारा वर्षं आहे इथे, असं काही पाहिलं नाही. उद्या परत फिरणार ना?"

मी आजींकडे बघितलं. त्या तिसरा पेला पाणी पीत होत्या.

"परत?" त्या म्हणाल्या. "सिंह झाडावर चढतात म्हणे इथले. ते कधी बघायचे?"