कानशिलाचं पातळ हाड

बोलून बोलून करिष्मा सिस्टरचा घसा बसायची वेळ आली, पण लटारूभाऊ काही गाडीत बसेना.

पहाटे मोहफुलं वेचताना अस्वलानं त्याला पंजा मारला होता. कपाळाची कातडी फाटून नऊ टाके पडले, पण हाडाला ओरखडासुद्धा नाही. झाडाच्या मुळावर आपटलेलं कानशील मात्र टम्म सुजलं होतं. डॉक्टर गडचिरोलीची चिठ्ठी लिहून शिबिराला निघून गेले. आरोग्य केंद्राच्या दारात रुग्णवाहिका उभी, आणि हा पठ्ठ्या बाकावर बसून आल्यागेल्याला टाके दाखवत होता.

"अस्वलाले नाई फुटलं हे डोस्कं! गडचिरोलीले जाऊन काय करू? तिकडे मोह टपकून राह्यला, ढोरं खाऊन टाकतील."

"भाऊ, कपाळाचं हाड जाड असते. पण इथी..." तिनं त्याचंच बोट धरून त्याच्या चांगल्या कानशिलावर टेकवलं. "इथी पातळ आहे, पापडावानी. त्याच्या आतून रक्ताची नळी जाते. ते फाटली तं रक्त आतच साचते. माणूस दोन-चार तास चांगला बोलते, अन् मंग..."

"बोलून तं राह्यलो ना मी!" लटारू खो खो हसला.

करिष्माला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तो बोलतोय याचीच तिला धास्ती होती, आणि तेच तो पुरावा म्हणून तिच्या तोंडावर फेकत होता. तिनं त्याच्या बायकोला, शकुबाईला, हात जोडले.

"माह्यं कवा आयकलं यायनं?" शकुबाई म्हणाली.

यातच दोन तास गेले. मग पलीकडच्या गावात एक बाई अडल्याचा फोन आला. गाडी एकच. लटारूनंच ड्रायव्हरला हात केला, "जाय बापा, तिले गरज आहे."

गाडी गेली. करिष्मानं आत जाऊन हातातला ट्रे टेबलावर आदळला. इतका राग तिला कधी आला नव्हता.

अर्ध्या तासानं शकुबाई धापा टाकत आत आली. "सिस्टर, हे उठूनच नाई राह्यले."

लटारू बाकावर कलंडून घोरत होता. करिष्मानं त्याच्या पापण्या उचलल्या. एक बाहुली बारीक, दुसरी मोठी झालेली. तिनं ड्रायव्हरला फोन लावला. तो रेंजबाहेर होता.

"चाला ना जी गडचिरोलीले," शकुबाई त्याला गदागदा हलवत होती. "जाऊ ना आता?"

लटारू आता नाही म्हणत नव्हता.